आधी ब्रेक, मग रंग

मित्रांनो, मॅगझिनच्या मराठी विभागात लिहायची ही माझी पहिलीच वेळ. पाचवीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ हा विषय मला थर्मोडायनॅमिक्सपेक्षा अवघड जातो. चुका संपादकांनी दुरुस्त कराव्यात आणि त्यातूनही उरतील त्या तुम्ही पोटात घालाव्यात!

इंग्रजी विभाग सोडून इकडे आलो, कारण हा विषय मी ज्यांच्याकडून शिकलो त्यांनी 'रिस्टोरेशन' हा शब्द कधी वापरला नाही. ते म्हणतात, "गाडी उभी केली." आणि सध्या आपल्या हॉस्टेलमध्ये गाड्या उभ्या करण्याची साथच आली आहे. कुणी मामाची यामाहा आरएक्स १०० आणतो, कुणी भंगारवाल्याकडून येझदी उचलतो. पार्किंगमध्ये रात्री अकरा वाजता किक मारण्याचे आवाज येतात आणि रेक्टर सर वरून ओरडतात. ज्याची चालू होते त्याची पार्टी! पार्टीत सगळे विचारतात : कलर कुठून मारलास? सायलेन्सर कुठला टाकलास? ब्रेक कधी उघडलेस, असं विचारलेलं मी तरी अजून ऐकलं नाही. मलाही कुणी विचारलं नव्हतं. एकाने सांगितलं होतं, पण मी ऐकलं नाही. म्हणून हा लेख.

माझं गाव खोडाळा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : कसारा लोकलचं शेवटचं स्टेशन, तिथून विहीगावमार्गे वर चढत यायचं. तालुका मोखाडा, जिल्हा पालघर. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला, त्यामुळे आमच्या गाडीचा नंबर अजूनही ठाण्याचा, एमएच ०४. पावसाळ्यात मुंबईचे लोक आमच्याकडे धबधबे बघायला येतात. आम्हाला मात्र पावसाळा म्हटलं की एसटी वेळेवर येईल का, हाच प्रश्न असतो. एसटी चुकली की ज्याच्याकडे मोटारसायकल आहे त्याच्या दारात जायचं. मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात पेशंट न्यायचा असो, कसाऱ्याला लोकल पकडायची असो, की तालुक्याला दाखला काढायला जायचं असो. शहरात मोटारसायकल हौसेची असेल, आमच्याकडे ती अर्धी एसटीच असते.

आमची गाडी म्हणजे आजोबांची हीरो होंडा सीडी १००. आजोबा जिल्हा परिषद शाळेत मास्तर होते, त्यांनी १९९६ साली घेतली. आठवत नसेल तर सांगतो, ही गाडी १९८५ मध्ये बाजारात आली आणि तिची जाहिरात फार गाजली होती : फिल इट, शट इट, फर्गेट इट. पेट्रोल भरा, झाकण लावा, विसरून जा! आमच्या घरच्यांनी ते जरा जास्तच मनावर घेतलं. २०१५ मध्ये आजोबा गेले आणि गाडी गोठ्याच्या पडवीत गेली. वर वैरण, खाली कोंबड्या. नऊ पावसाळे तिने तिथेच काढले.

मी ती उभी करायची ठरवली तेव्हा रूममेट हसले. म्हणाले, करायचीच तर आरएक्स कर, सीडी १०० काय दूधवाल्याची गाडी! इथे मला माझं पहिलं मत मांडायचं आहे. खिशात पैसे कमी असतील तर गाडी फोटोवरून निवडू नका, पार्टवरून निवडा. आरएक्स १०० आपल्याकडे १९९६ पर्यंत बनली, येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखानाही १९९६ मध्येच बंद पडला. या गाड्या आता हौसेच्या झाल्या आहेत, आणि हौसेला हौसेचा भाव लागतो. सीडी १०० चं इंजिन मात्र स्प्लेंडरच्या घराण्यातलं. बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोक ४९.५ मिलिमीटर. सेकंड इयरवाल्यांनी आकडेमोड करून बघावी, ९७.२ सीसी येतात की नाही ते! या घराण्याच्या इतक्या गाड्या रस्त्यावर आहेत की प्लग, केबल, रिंगा, ब्रेक शू यांतलं बरंचसं तालुक्याच्या दुकानातही मिळून जातं. आजोबांची गाडी मी निवडली नव्हती, ती घरातच होती. पण निवडायची वेळ आली असती तरी हिशेबाने हीच निघाली असती.

बजेट होतं आठ हजार. दहावीच्या चार मुलांच्या शिकवण्या घेऊन जमवलेलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत कामाला लागलो. किक दाबली तर दगडासारखी. खोडाळ्याच्या नाक्यावर एक मिस्त्रीमामा आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सांगितलं, "जोर लावू नकोस, रिंगा तुटतील. प्लग काढ, भोकातून थोडं ऑइल सोड, दोन दिवस तिच्याकडं बघू पण नको." तिसऱ्या दिवशी टॉप गिअर टाकून मागचं चाक मागे-पुढे हलवलं आणि पिस्टन सुटला. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा प्रॅक्टिकल! चार सेमिस्टरमध्ये जर्नलमधल्या आकृत्या कॉपी करून जे कळलं नव्हतं ते त्या एका 'खट्' आवाजात कळलं.

मग पुढची कामं. कार्बोरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकट थर बसला होता, जेट बंद. मी तार घालायला निघालो तर मामांनी हातावर चापट मारली. "त्या भोकाचा माप वाढला की गाडी आयुष्यभर जास्त पेट्रोल पिणार. हवेनं साफ कर." टाकीत गंज होता, मूठभर नट-बोल्ट आणि व्हिनेगर घालून ती मी दोन दिवस पाळण्यासारखी हलवली. पेट्रोलचा पाइप बदलला. तो आता बदलावाच लागतो, कारण २०२५ पासून पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते सोसत नाही, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणजे अर्धवट भरलेल्या टाकीला आतून पुन्हा गंज. आमच्या पावसात तर विचारूच नका.

सिलिंडर बोअर करून पिस्टन-रिंगा टाकल्या. कामाचा शेवटचा आठवडा आला तेव्हा माझ्या हातात अडीच हजारांच्या आसपास उरले होते. समोर दोन रस्ते होते : टाकी आणि साइड पॅनलला रंग, किंवा ब्रेक आणि टायर.

मी मामांना म्हणालो, "गाडी उभी झाली, आता फक्त रंग राहिला." ते हसले. म्हणाले, "उभी झाली का? मग जरा पळव आणि उभी करून दाखव." मला विनोद वाटला. त्यांना म्हणायचं होतं, ती थांबते का ते आधी बघ. मी म्हणालो, ब्रेक बघितले मामा. आणि खरंच 'बघितले' होते! ब्रेकच्या प्लेटवर एक खूण असते, ब्रेक दाबल्यावर बाण त्या खुणेपर्यंत गेला तर लायनर झिजलं असं समजायचं. माझा बाण खुणेच्या बराच अलीकडे होता. मॅन्युअलमध्ये तसंच लिहिलं होतं. मी समाधान मानलं आणि २३०० रुपये देऊन टाकीला काळा रंग आणि लाल पट्टे मारून घेतले. फोटो काढले. रूममेट्सचे मेसेज आले : भारी!

ऑगस्टमध्ये माझ्या चुलतबहिणीची नर्सिंगच्या प्रवेशासाठी कागदपत्रं तपासणी होती. आमच्या घरातून शिकायला बाहेर जाणारी ती पहिली मुलगी. सकाळची एसटी आली नाही. काका माझ्याकडे बघायला लागले आणि मी ऐटीत गाडी काढली. हेल्मेट एकच होतं, ते तिला दिलं. तिची फाइल प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी तिच्या पोटाशी.

विहीगावच्या अलीकडे एक उतार लागतो. रिमझिम चालू होती. समोर गुरं आली म्हणून मी मागचा ब्रेक दाबला. 'कट्' असा आवाज आला आणि मागचं चाक एकदम जाम झालं. टायर जुना, लाकडासारखा कडक, रस्ता ओला. गाडी आडवी घसरत रस्त्याच्या कडेच्या चारीत गेली. वेग कमी होता म्हणून वाचलो. माझा गुडघा फुटला, तिचं कोपर सोलवटलं, आणि फाइल चिखलात पडली.

ती रडली नाही. फाइल उचलून ओढणीने पुसत तिने एवढंच विचारलं, "दादा, तू ब्रेक बघितले होतेस ना?"

मी म्हणालो, "बघितले होते."

कसाऱ्याकडे जाणाऱ्या एका जीपने तिला नेलं. लोकल गेली होती. पुढची धरून ती पोहोचली तेव्हा तिची वेळ होऊन गेली होती. प्रवेश तिला पुढच्या फेरीत मिळाला, पण जे कॉलेज हवं होतं ते गेलं. घरात मला कुणी बोललं नाही. काका फक्त म्हणाले, "जिवावर बेतलं नाही, ते महत्त्वाचं." मित्रांनो, ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मामांच्या टपरीत चाक उघडलं. ब्रेक शू ॲल्युमिनियमचा असतो आणि त्यावर लायनर चिकटवलेलं असतं. नऊ पावसाळ्यांच्या ओलीने लायनरखाली शू फुगून, गंजून पांढरा झाला होता. लायनरची जाडी भरपूर होती, म्हणून बाण बरोबर दाखवत होता. पण ते शूला धरूनच नव्हतं! दाबल्याबरोबर उखडलं आणि ड्रममध्ये अडकलं. बाण झीज दाखवतो, चिकटपणा दाखवत नाही. मॅन्युअल चुकीचं नव्हतं, ते रोज चालणाऱ्या गाडीसाठी लिहिलेलं होतं. नऊ वर्षं कोंबड्यांखाली बसलेल्या गाडीसाठी चाक उघडावंच लागतं. त्याला अर्धा तास, दोन पाने आणि इच्छा एवढंच लागतं.

आता हिशेब मांडतो, कारण हिशेबाशिवाय इंजिनिअरचं मत म्हणजे कॅन्टीनमधली गप्प. रंगाआधीचा खर्च : बोअर, पिस्टन-रिंगा आणि मजुरी २६००, कार्बोरेटर किट १५०, ऑइल ३८०, प्लग ९०, पेट्रोल पाइप आणि कॉक १८०, बॅटरी ७००, बल्ब-हॉर्न-वायरिंग ४००, चेन सेट ८५०. एकूण ५३५०. त्यात रंग २३००, म्हणजे ७६५०. अपघातानंतर काकांकडून उसने घेऊन केलेला खर्च : दोन्ही चाकांचे ब्रेक शू ३६०, केबली ३५०, बेअरिंग ३२०, टायर-ट्यूब २९००. एकूण ३९३०. सगळी बेरीज ११,५८०.

यातला एकच आकडा परत वाचा. दोन्ही चाकांचे ब्रेक शू, ३६० रुपये. रंगाच्या सहाव्या हिश्श्याहून कमी. माझ्याकडे पैसे कमी होते म्हणून ब्रेक राहिले, असं मी सगळ्यांना सांगत होतो. ते खोटं होतं. शेवटी खिशात ३५० रुपये उरले होते! निदान मागच्या चाकाचा शू त्यात आला असता. कमी पडलं ते डोकं. फोटोत ब्रेक दिसत नाहीत, एवढंच खरं कारण.

आता थोडं फिजिक्स. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर. ब्रेक-टायर चांगले असतील आणि वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंदाने कमी होत असेल, तर गाडी साधारण १२ मीटरमध्ये थांबते. हा दर निम्मा झाला की अंतर दुप्पट, जवळपास २५ मीटर. शिवाय समोरचं दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला तर ११ मीटर आधीच संपलेले असतात. उतार असेल, रस्ता ओला असेल, मागे कुणी बसलं असेल तर तुम्हीच विचार करा. हे सूत्र आपण सगळ्यांनी अकरावीत पाठ केलंय, मलाही परीक्षेत पूर्ण मार्क होते.

आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे, तीही सोपी नाही. त्या दिवशी गाडीचे कागदही नव्हते. आपल्या कायद्यात खासगी दुचाकीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षं चालतं, पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावं लागतं. आजोबांनी २०११ मध्ये वाढवलं होतं, ते २०१६ मध्ये संपलं. विमाही नव्हता. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, तो काही सरकारची हौस म्हणून नाही. चारीत आम्ही दोघंच पडलो म्हणून ठीक. रस्त्याने चालणारं कुणी सापडलं असतं तर? त्यांच्या दवाखान्याचा खर्च माझ्या आठ हजारांतून झाला असता? आता नूतनीकरण झालंय, गाडी आजोबांच्या नावावरून वडिलांच्या नावावर आलीय. पण उशिराचा दंड आणि जुन्या गाडीचा पर्यावरण कर भरताना जे पैसे गेले त्यांचा मी सुरुवातीला विचारच केला नव्हता. म्हणून सांगतो, जुनी गाडी हातात आली की पहिला पाना उचलण्याआधी आरसी बुक उघडा. कागद मार्गी लागत नसतील तर ते इंजिन कितीही गोड वाजो, गाडी रस्त्यावर आणू नका.

तर माझ्या मते कमी पैशांतल्या कामाचा क्रम असा : आधी कागद, मग ब्रेक आणि केबली, मग टायर आणि बेअरिंग, मग दिवे-हॉर्न, मग इंजिन आणि शेवटी रंग. उरले तर! इंजिन इतकं मागे बघून माझे मेकॅनिकलवाले मित्र चिडतील. पण बंद इंजिनाने आजवर कुणाला चारीत पाडलेलं नाही. टायरवर चार आकड्यांचा एक शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझ्या मागच्या टायरवर वर्ष होतं १३. नक्षी छान दिसत होती, म्हणून मी तेही सोडून दिलं होतं.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो चुकीचा नाही. आमचे एक सर म्हणाले, एवढा खटाटोप कशाला, हप्त्यावर नवी घ्यावी. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडच्या प्रत्येक नव्या दुचाकीला सीबीएस किंवा एबीएस असतंच, जुन्या गाडीला ते कुठून आणणार? सरांचा मुद्दा मला मान्य आहे. ज्याला रोज हायवेने लांब जायचंय आणि ज्याचा हप्ता झेपतो त्याने नवीच घ्यावी. पण ज्या घरात हप्ता म्हणजे बहिणीची फी, त्या घरात पडवीतली जुनी गाडी हाच पर्याय असतो. आमच्या भागात असे रस्ते आणि अशी घरं भरपूर आहेत. त्या घरांना 'जुनी वापरू नका' हे सांगण्यापेक्षा 'जुनी कशी तपासायची' हे शिकवणं जास्त उपयोगाचं. आणि ते शिकवणार कोण? आपणच ना! आपल्या नावापुढे इंजिनिअर लागणार आहे.

म्हणून प्राचार्य सर, वर्कशॉप सुपरिंटेंडंट सर आणि लॅब असिस्टंट काका, तुम्हाला एक विनंती. महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी वर्कशॉप उघडं ठेवा. हॉस्टेलच्या पार्किंगमधल्या सगळ्या जुन्या गाड्यांची चाकं तिथे उघडू द्या. खर्च काही नाही, पाने आपल्याकडे आहेत, जो तो आपले ब्रेक शू आणेल. फर्स्ट इयरला आपण फिटिंगमध्ये चौकोनी तुकडा घासतो, तो शेवटी भंगारात जातो. त्याच हातांनी एक ब्रेक नीट बसवला तर कुणीतरी संध्याकाळी घरी पोहोचतं. व्हायवाला त्याचे मार्क दिले नाहीत तरी चालतील.

मामांना मी एकदा विचारलं, त्या दिवशी तुम्ही जरा जोरात का नाही सांगितलं? ते म्हणाले, "तू इंग्लिश शाळेतला, इंजिनिअर होणार. म्हटलं तुला माहीत असेल." या वाक्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. माणसं आपल्याला हुशार समजतात आणि म्हणून गप्प बसतात, हे मात्र कळलं. आता मी न कळलेलं सरळ विचारतो.

गाडी सध्या खोडाळ्याला आहे, काका चालवतात. नव्या काळ्या रंगावर उजव्या बाजूला चारीतल्या दगडाचा लांब ओरखडा आहे, त्याला टचिंग करायचे पैसे नाहीत. बहीण सुट्टीला येते तेव्हा मीच कसाऱ्याला आणायला जातो, दोन हेल्मेट घेऊन. दिवाळीत ती बसण्याआधी वाकून मागच्या चाकाकडे बघत होती. मी म्हणालो, "उघडून बघितलेत." ती बसली.

आज मेसला जाताना तुमच्या गाडीजवळ दोन मिनिटं थांबा. रंग बघू नका. चाक शेवटचं कधी उघडलं होतं ते आठवून बघा. आठवलं नाही, तर दहा आणि बाराचा पाना माझ्याकडे आहे. रूम नंबर विचारायला लाजू नका!